कानाची पारख

लुगडें घेतांना आपण पोत बोटांनीं चाचपून पाहतों, तांदूळ घेतांना चार दाणे दाताखालीं धरतों, आणि आंबा तर नाकाजवळ नेल्यावांचून कोणी घेत नाहीं. खरेदीच्या वेळीं डोळा, नाक, जीभ आणि त्वचा यांची साक्ष काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कानाला मात्र हा मान क्वचितच मिळतो. मडकें घेतांना बोटानें वाजवून पाहतात, तेवढीच काय ती त्याची प्रतिष्ठा. आश्चर्य असें कीं, जी वस्तु केवळ कानासाठींच घ्यावयाची, तीही आज लोक डोळ्यांनीं निवडतात. डबीचा थाट पाहून, नाहीं तर किंमतीचा आंकडा पाहून. कानांत घालून ऐकावयाचें जें चिमुकलें यंत्र आज घरोघर दिसतें, आणि ज्याला सारेच इअरफोन म्हणतात, त्याच्या निवडीविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण आमच्या घरांत त्यावरून जो विचार झाला, तो इतर कुटुंबांनाही उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमचें घर काशीदला. अलिबागेहून रेवदंड्यावरून मुरुडकडे जातांना हें गांव लागतें. समोर सुमारें तीन किलोमीटर लांबीचा पांढऱ्या वाळूचा किनारा, कांठाला सुरूचीं झाडें आणि पाठीशीं फणसाडच्या अभयारण्याचें रान. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. थोरली सूनबाई लग्नापूर्वीं गाणें शिकत असे. मुलें थोडीं मोठीं झाल्यावर तिनें तें पुन्हां सुरू केलें. तिचे गुरुजी पुण्यास असतात व पाठ मोबाईलवर पाठवितात. दिवसभर घरांत माणसांचा राबता; म्हणून पाठ ऐकण्याचा तिचा वेळ म्हणजे रात्रीं निजानीज झाल्यानंतरचा एक तास. त्या तासाचा सोबती होता एक जुना, साधा इअरफोन. “मामंजी, तंबोऱ्याचा खर्जच ऐकूं येत नाहीं. पायाखालीं जमीन नसल्यासारखें वाटतें,” असें ती एके दिवशीं म्हणाली. गांवांतल्या मुलांच्या शिकवण्या करून तिनें आठ हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यांतून चांगला इअरफोन घ्यावा, असा तिचा मानस होता.

माझा पुतण्या पुण्याहून सुट्टीला येतांना मित्रांजवळचे दोन निराळे इअरफोन परीक्षेसाठीं घेऊन आला. घरांत मतें पडूं लागलीं. धाकट्या मुलाचें म्हणणें, महाग तोच घ्यावा, म्हणजे पुन्हां घ्यावयास नको. आमच्या मंडळींचें म्हणणें, कानांत कांहीं घालूंच नये. शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. कारण मी घरांत वडील, आणि जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतलेला. मी म्हटलें, “निकाल मागाहून. आधीं परीक्षा कशी घ्यावी तें ठरवूं.”

दोन ध्वनींची तुलना कशी करावी हें आपल्याकडे फार पूर्वींच सांगून ठेवलें आहे. नाट्यशास्त्राच्या २८व्या अध्यायांत श्रुतींचें प्रमाण सिद्ध करण्यासाठीं भरतमुनींनीं दोन वीणा घ्यावयास सांगितल्या. दोन्ही आकारानें, तारांनीं व स्वरांनीं अगदीं सारख्या. त्यांपैकीं एकीला हात लावावयाचा नाहीं. दुसरी मात्र क्रमाक्रमानें एकेक श्रुति उतरवीत जावयाची. दोन श्रुति उतरल्या कीं दुसरीचे गांधार-निषाद पहिलीच्या ऋषभ-धैवतांशीं मिळतात. तीन उतरल्या कीं ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांशीं मिळतात. पुढें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत याच प्रयोगाचें विवरण ध्रुववीणा व चलवीणा या नांवांनीं केलें. त्यांतलें मर्म असें कीं, एक वस्तु ध्रुव राहिल्याशिवाय दुसरीचा बदल मोजतां येत नाहीं. सूनबाईचा जुना इअरफोन आम्हीं ध्रुव ठरविला. मोबाईल तोच, पाठ तोच, खोली तीच, वेळ तीच. बदलावयाचें तें एका वेळीं एकच. दोन्ही नव्या इअरफोनांच्या किंमती पुतण्यानें एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्या गीतेच्या पुस्तकांत ठेवून दिली.

पहिल्याच रात्रीं एक गोष्ट कळून आली. न्यायशास्त्रांत श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णशष्कुलीनें मर्यादित झालेलें आकाशच होय असें मानिलें आहे. शब्द तेथवर कसा पोंचतो हें सांगतांना वीचितरंगाचा दृष्टान्त देतात. एका लाटेंतून दुसरी, दुसरींतून तिसरी. आकाशाच्या जागीं हवा म्हटली कीं आधुनिक शास्त्राशीं त्याचें बरेंच जुळतें. कानाची बाहेरची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते. इअरफोनांतला लहानसा पडदा हालतो आणि तेवढीच बंदिस्त हवा हालवितो. मात्र ती खरोखर बंदिस्त असली पाहिजे. टोंकावरची रबरी टोपी सैल बसली तर फटींतून हवा निसटते, आणि पहिला नाश होतो तो खालच्या, मंद्र स्वरांचा. सूनबाईचा सा काळी पांचचा. त्या पट्टींत खर्जाच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ११७ होतात. तोच स्वर तिला गवसत नव्हता. डबीबरोबर आलेल्या आणि कधींच न वापरलेल्या टोप्या नातीनें शोधून काढल्या. उजव्या कानाला एक आकार मोठी टोपी बसविली मात्र, जुन्याच इअरफोनांतून खर्ज ऐकूं आला. दोन्ही कान एकाच मापाचे नसतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पायांतल्या वहाणेच्या मापाबद्दल आपण जितकी काळजी घेतों, तितकी येथेंही घ्यावी.

दुसरी अडचण आवाजाच्या मोठेपणाची. दोन ध्वनि एकसारखेच असले, पण एक किंचित् मोठा असला, तर मनुष्य मोठ्यालाच चांगला म्हणतो. आणि तो मोठा आहे हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. याला कारणही आहे. इ. स. १९३३ मध्यें अमेरिकेंत फ्लेचर व मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, बारीक आवाजांत आपला कान मंद्र स्वर फारच कमी ग्रहण करतो. आवाज वाढविला कीं ते इतरांपेक्षां लौकर वर येतात. म्हणून जो इअरफोन थोडा मोठ्यानें वाजतो तो आपोआप भरदार वाटतो. आम्ही आणलेल्यांपैकीं एक मोबाईलच्या त्याच खुणेवर इतरांहून बराच मोठा वाजत होता. तेव्हां गुरुजींच्या नुसत्या बोलण्याचा भाग लावून तिहींचा आवाज सारखा करून घेतला, आणि कोणत्या यंत्राला कोणती खूण हें कागदावर टिपून ठेवलें. एवढ्यानें ‘केवढा फरक!’ असे जे उद्गार आदल्या रात्रीं निघाले होते, त्यांतले निम्मे मावळले.

ऐकावें काय, हाही प्रश्न होता. धाकट्या मुलाला जुन्या ध्वनिमुद्रिकांची आवड. त्यानें अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) झिंझोटीची ठुमरी सुचविली. भीमसेन जोशी यांना लहानपणीं ज्या ध्वनिमुद्रिकेनें वेड लावलें ती हीच, असें सांगतात. गायन अलौकिक खरें. पण तीनसाडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकडींत स्वरांचा जो पट्टा उमटूंच शकला नाहीं, तो उत्तम इअरफोन कोठून दाखविणार? तो दाखवील ती तबकडीची खरखर. परीक्षेचा श्लोक असा निवडावा कीं त्यांत सारीं अक्षरें असावीं. आमच्या मतें असा श्लोक म्हणजे तंबोरा. त्यांत खालीं खर्ज आहे आणि वर जवारीनें उठणाऱ्या उपस्वरांची झळाळी आहे. घोडीच्या किंचित् बाकदार पृष्ठावर तार घासत जाते आणि मधें सुताचा दोरा असतो, त्यानें ही किमया होते. तार ज्या ठिकाणीं छेडली असतां अमुक उपस्वर निघूं नये असा नियम आहे, तेथें छेडूनही तंबोऱ्यांत तो निघतो, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ मध्यें दाखवून दिलें. मिरजेचे कारागीर ही जवारी केवळ कानाच्या साक्षीनें काढतात; त्यांच्या तंबोऱ्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें.

ऐकण्याची पद्धत आम्हीं अशी ठेविली. प्रथम दहापंधरा सेकंदांचा एकच तुकडा तिन्ही यंत्रांवर आळीपाळीनें ऐकावयाचा. कारण स्वराच्या गोडीची आठवण मनांत फार वेळ टिकत नाहीं. मग एकेक इअरफोन दोन दोन रात्रीं सबंध तासभर वापरावयाचा. आमच्या गांवीं आणखी एक पथ्य पाळावें लागतें. पावसाळ्यांत समुद्राचा जो अखंड घुमार चालतो, तो मंद्र सप्तकावर पांघरूण घालतो, आणि त्याच्याखालीं इतर स्वरही अंधुक होतात. म्हणून ओहोटी पाहून, खिडक्या लावून आम्ही बसत होतों.

आतां निकालाची वेळ आली. मी तिन्ही यंत्रें ऐकलीं. खर्जाचा फरक मला स्पष्ट कळला. पण दोन नव्यांमध्यें जवारीच्या झळाळीचा जो फरक सूनबाई सांगत होती, तो मला जाणवेना. पुतण्याच्या मोबाईलवर शुद्ध स्वर वाजविण्याची सोय होती. मनुष्याला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा स्वर ऐकूं येतो असें पुस्तकांत असतें. परंतु वय वाढत जातें तशी वरची मर्यादा खालीं येते. चौदा वर्षांच्या नातीला १५,००० कंपनांचा स्वर सहज ऐकूं आला. “आजोबा, आतां वाजतोय, ऐकूं येत नाहीं?” असें ती विचारीत राहिली. माझ्यापुरता तो ९,०००च्या सुमारासच संपला होता. त्यांत खेद करण्यासारखें कांहीं नाहीं. केस पिकतात तसाच कानही पिकतो. मात्र त्यावरून एक कर्तव्य निघतें. नैयायिक प्रमाण, प्रमेय आणि प्रमाता असे भेद करतात. येथें प्रमेय तंबोरा आणि प्रमाता सूनबाई. ज्या कानाला ऐकावयाचें आहे, निवाडा त्याच कानाचा. मी तिला म्हटलें, “परीक्षेची रीत मीं सांगितली, गुण तूंच दे. तुझ्या तासाचा हिशेब तुलाच ठाऊक.” आमच्या मंडळींना हें थोडें अवघड वाटलें; घरांतली खरेदी वडिलांच्या शब्दावर होण्याची संवय. परंतु पैसे तिचे, विद्या तिची आणि कानही तिचे.

तिनें आठवडाभर घेतला. एका इअरफोनांत झळाळी अधिक होती. पहिल्या रात्रीं तोच तिला मोहक वाटला. पण चौथ्या रात्रीं ‘श’ आणि ‘स’ कानाला बोंचूं लागले व तासाच्या शेवटीं शीण आला. दुसऱ्याचा पहिला ठसा साधा होता, परंतु गुरुजींची मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर कशी उतरते तें त्यांत नीट दिसत होतें, आणि खर्ज संथ होता. तिनें दुसरा पसंत केला. मग गीतेंतली चिठ्ठी काढली. पहिल्याची किंमत साडेसात हजार, दुसऱ्याची अठराशें. दोन्ही वायरचे होते. बिनतारीचा तिनें नकोच म्हटला होता. त्याला नित्य चार्जिंग लागतें, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या बाजूस वीज किती दिवस नव्हती हें आम्ही विसरलों नाहीं.

उरलेल्या पैशांचें काय करणार असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “मामंजी, महिन्याआड एकदां एस. टी.नें पुण्याला जाऊन गुरुजींपुढें बसावें म्हणतें. ऐकूं तर आतां नीट येतें. पण मी चुकतें कोठें, तें यंत्र कसें सांगणार?” या प्रश्नावर घरांत कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. तिच्या जाण्याच्या दिवशीं स्वयंपाकाचें मी व आमची मंडळी पाहूं असें ठरलें, आणि गेल्या दोन खेपांना तें सुरळीत पार पडलेंही.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी खरेदी व्हावयाची असेल, त्यांना इतकेंच सुचवावेंसें वाटतें. जुनें टाकण्यापूर्वीं त्याची टोपी बदलून पाहा. आवाज सारखे करून ऐका. किंमत झांकून ठेवा. पहिल्या रात्रीं ठरवूं नका. आणि कोणतेंही यंत्र घेतलें तरी कान जपा. मोठ्या माणसानें आठवड्याला ४० तास ऐकावयाचें तर आवाज ८० डेसिबलांच्या आंत असावा, आणि मुलांसाठीं ७५च्या, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. कानांतले जे सूक्ष्म तंतुमय पेशी मोठ्या आवाजानें मरतात ते पुन्हां उगवत नाहींत. इअरफोन हरवला तर दुसरा मिळेल. पण नातीला आज जे स्वर ऐकूं येतात, ते तिला माझ्या वयापर्यंत शक्य तितके ऐकूं यावेत, याची काळजी घरांतल्या वडील माणसांनींच घेतली पाहिजे.