गणिताचा रियाज
माझ्याकडे उर्दू माध्यमात शिकलेल्या एका मुलीने गणितात पीएचडीचा प्रबंध सादर केलाय. आता तिला नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज करायचाय. केंद्र सरकारने 1983 मध्ये अणुऊर्जा विभागाखाली स्थापलेलं हे मंडळ. संशोधनाचा आराखडा तयार आहे, शिफारसपत्रंही. अडलंय ते घरी: "इतकं शिकलीस, आता नोकरी कधी?"

तिच्या अब्बांना म्हटलं, "भाईजान, पीएचडीत गाईडचा हात धरून चालली. आता कुठला प्रश्न सोडवायचा, हे ती स्वतः ठरवणार. दरमहा पैसेही मिळतील."

उर्दूत गणिताला रियाझी म्हणतात. गवयाचा रियाज त्याच मुळातून आलेला. गळा तयार झाल्यावर रियाज थांबवा, असं कुणी गवयाला सांगतं का? मग आपल्या लेकींनाच का सांगतो?