‘आर’च्या पानाचं गाव

लुझविमिंडा. आखातातल्या एका इस्पितळात मामांचा रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सच्या छातीवर हे नाव होतं. लुझोन, विसायस, मिंडानाओ, फिलिपिन्सचे हे तीन भाग जोडून आईवडिलांनी ते केलं, असं तिनं पट्टा सोडता सोडता सांगितलं. बरोबरीच्या मुली तिला ‘आते मिंडा’ म्हणत होत्या. आते म्हणजे ताई. लेकीच्या नावात अख्खा देश बसवायचा, ही मला फार उमदी तऱ्हा वाटते.

तिच्या नावानंतर एक अक्षर होतं, मग आडनाव. ते अक्षर आईच्या माहेरचं. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं. तिकडे मधली जागा आईच्या घराण्याचीच, आणि लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतलं तर बाई त्या जागी स्वतःचं माहेर ठेवते. कोराझोन कोहुआंग्को अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हाही कोहुआंग्को जागच्या जागी होतं.

आडनावं मात्र घरात जन्मली नाहीत. निदान सगळी नाहीत. बाप्तिस्मा घेताना लोक भक्तीतली नावं घेत: दे ला क्रूझ, दे लोस सांतोस, देल रोसारिओ. सख्ख्या भावांची आडनावं निराळी असत आणि गावातल्या परक्यांची एकच. कर कोणाचा राहिला, कोणाचं कोणाशी नातं आहे, काही कळेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला आणि आडनावांचा एक कोशच छापला. सुमारे ६०,००० नावं, वर्णानुक्रमानं. स्पॅनिश आडनावं त्यात होतीच, शिवाय झाडं, प्राणी, गावं आणि तिथल्या भाषांतले शब्दही. कोशाची पानं प्रांतांना वाटली गेली, प्रांतांनी ती गावांना दिली. धर्मगुरू आणि वस्त्यांचे मुखिये बसत आणि एकेका कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे आलेल्या पानातलं एक आडनाव लागे. चार पिढ्या चालत आलेलं आडनाव असेल, तर तेवढं ठेवता येई.

आल्बाय प्रांतातल्या ओआस गावाच्या वाट्याला ‘आर’चं पान आलं. त्या प्रांतात पुढे कित्येक पिढ्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून माणसाचं गाव ओळखता येई. मी त्या दिवसाचा फार विचार करते. वाचता न येणारा मासेमार रांगेत उभा आहे. पानावर बोट कोण ठेवतं? तो नाद ऐकून निवडतो, की त्याच्या आधीचे चांगले शब्द घेऊन गेले आणि उरला तो त्याचा? घरी जाऊन बायकोला तो शब्द पहिल्यांदा सांगतो तेव्हा ती तो दोनतीनदा म्हणून बघत असेल. हुकुमातलं शाळेचं कलम मला सगळ्यात क्रूर वाटतं: मास्तरांनी पटावर आडनावं लिहावीत आणि मुलांनी एकमेकांना त्याच आडनावानं ओळखावं, याकडे लक्ष द्यावं. सात वर्षांच्या पोरानं मित्राला सरकारनं दिलेल्या नावानं हाक मारायची!

फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांचं घराणं मेर्कादो. खापरपणजोबा चीनमधून आलेले. रिझाल हे दुसरं आडनाव वडिलांना एका प्रांताधिकाऱ्यानं सुचवलेलं, घरात कोणी फारसं न वापरलेलं. १८७२ मध्ये फादर बुर्गोस या धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. थोरले भाऊ पासियानो त्यांच्या जवळचे, म्हणून मेर्कादो नावावर सरकारची नजर होती. धाकट्याला मनिलाच्या शाळेत घालताना भावानं त्याला रिझाल करून टाकलं. आडोशाला घेतलेलं तेच नाव पुढे राज्यकर्त्यांना सर्वात धोक्याचं वाटलं, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी त्या नावाच्या माणसाला गोळ्या घातल्या गेल्या.

पण लाडाची नावं कोणत्या कोशातून यायची? ती घरातच होतात, आणि केस पिकले तरी सुटत नाहीत. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो सगळ्यांचे नॉयनॉय; २०२२ मध्ये निवडून आलेले मार्कोस, बाँगबाँग. नॉयनॉय यांचे वडील, विरोधी नेते निनॉय, परदेशातून परतले, तेव्हा २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर उतरताच त्यांची हत्या झाली. त्या विमानतळाला आज त्यांचं नाव आहे, आणि ते बेनिग्नो नव्हे, निनॉय. राष्ट्रानं आपल्या हुतात्म्याला आईच्या हाकेनं ओळखावं, याहून मोठा मान मला सुचत नाही.

मनिलाशी आपलाही एक धागा आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया मनिलाला फ्रान्सिस्कन झाले, तिथून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्या वसईत आजही आडनाव पोर्तुगीज आणि बोली कादोडी अशी घरं आहेत. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. मला दिब्रिटो हे आडनाव कुलकर्णी किंवा पाटलाइतकंच मराठी वाटतं. तिथल्या आज्या नातवंडांना कोणत्या नावांनी हाका मारतात, ते एकदा जाऊन, ओटीवर बसून लिहून घ्यायचं आहे.