सफर, सफरनामा आणि मागे राहिलेले घर

ज्याच्या पायाला भिंगरी आहे, त्याच्याबद्दल आपल्या घरांत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कुणी म्हणते, "याचा पाय घरात ठरत नाही." कुणी म्हणते, "चार गावांचे पाणी प्यायलेला माणूस आहे, त्याला विचारा." दोन्ही बोलणी खरीच असतात. दीननेही सफरीच्या दोन्ही बाजू ध्यानात घेतल्या आहेत. मुसाफिराला चार रकातींच्या फर्ज नमाजेत कसरची सवलत आहे, रमजानचे रोजे नंतर पुरे करण्याची मुभा आहे, आणि जकातीच्या हक्कदारांत वाटेत अडलेला प्रवासीही मोजला आहे. त्याचबरोबर हदीसमध्ये सफरीला एक प्रकारचा त्रास म्हटले आहे. तिच्यात झोपेचे आणि खाण्यापिण्याचे हाल होतात, म्हणून काम उरकताच माणसाने आपल्या घरच्यांकडे लवकर परतावे, अशी शिकवण आहे.

या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात पाहायच्या असतील तर इब्न बतूताचा सफरनामा वाचावा. मोरोक्कोतील तंजा शहराचा हा तरुण 1325 साली, वयाच्या 21 व्या वर्षी हजसाठी एकटाच निघाला. ट्युनिसला काफिला पोहोचला तेव्हा लोक आपापल्या माणसांना भेटू लागले. याला सलाम करणारे कुणी नव्हते. त्याला रडू आवरेना. एका हाजीने ते पाहिले, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात पोहोचेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत राहिला. पुढे राजेरजवाड्यांच्या दरबारात बसलेल्या माणसाने ही लहानशी गोष्ट विसरली नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

1333 साली तो सिंधू नदीपाशी आला आणि दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकच्या पदरी काझी झाला. हिंदुस्थानात त्याने काय पाहिले? किल्ले, लढाया आणि सुलतानाचा लहरी स्वभाव तर आहेच. पण मुगाची डाळ घालून शिजवलेली खिचडी लोक सकाळी तुपाबरोबर खातात, कैऱ्यांचे लोणचे घालतात, हेही त्याने सांगितले आहे. आज इतिहासकाराला लढाया अनेक ग्रंथांत सापडतात. 14 व्या शतकातली सकाळची न्याहारी मात्र अशा भटक्या माणसामुळेच कळते.

1342 साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेत येऊन गेला. औरंगाबादहून वेरूळकडे जाताना लागणाऱ्या या किल्ल्यावर आम्ही गेलो, ते त्याची पाने वाचून. त्याने इथल्या कैदखान्यातल्या, मांजरांपेक्षा मोठ्या उंदरांचे वर्णन केले आहे. अंधारीत शिरल्यावर वटवाघळांच्या वासानेच आमच्यातली मुले कासावीस झाली, तेव्हा उंदरांची आठवण कुणी काढली नाही! इथे गाणाऱ्यांचा एक मोठा बाजार होता, आणि त्याच बाजारातल्या मशिदींत रमजानमध्ये तरावीह होत असे, असेही तो सांगतो. या मुलखात द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, याचे त्याला कौतुक वाटले. आम्ही उतरलो तेव्हा पायथ्याशी बायका टोपल्यांत पेरू घेऊन बसल्या होत्या. किल्ल्यापेक्षा आमचा जास्त वेळ त्यांच्याशी बोलण्यात गेला.

तिथून आम्ही खुलताबादला, हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांच्या दर्ग्यात गेलो. हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे हे मुरीद दिल्लीहून इकडे आले आणि 1337 साली इथेच त्यांचा इंतकाल झाला. सुलतानाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी केली, तेव्हा दिल्लीतल्या अनेक घरांना हुकुमाने घर सोडावे लागले. हौसेने फिरणारा एक असतो. हुकुमाने किंवा पोटासाठी निघालेले हजार असतात. सफरनामा बहुधा पहिल्याचाच लिहिला जातो.

पुढे इब्न बतूता नंदुरबारवरून खंबायतला गेला आणि तिथून जहाजाने आपल्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरला. गोव्याच्या खाली होनावर आहे. तिथल्या स्त्रियांना कुरआन तोंडपाठ असल्याचे त्याने पाहिले. गावात मुलींचे 13 आणि मुलांचे 23 मकतब होते. असे दुसरीकडे कुठेच दिसले नाही, असे तो सांगतो. मुलींच्या शिक्षणावर आजही घरांत वाद होतात. अशा घरांत हे आकडे एकदा मोठ्याने वाचून दाखवावेत.

आता दुसरी बाजू. इब्न बतूताने जागोजागी निकाह केले, संसार मांडले आणि पुढे निघून गेला. दमिश्कमध्ये त्याने गरोदर पत्नीला मागे सोडले होते. मुलगा झाल्याची बातमी त्याला हिंदुस्थानात कळली. तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांकडे सोन्याचे 40 दीनार पाठवले. 1348 साली तो दमिश्कला परतला आणि आधी मुलाची चौकशी केली. मुलगा 12 वर्षांपूर्वीच वारला होता. तिथेच कळले की वडिलांना जाऊन 15 वर्षे झाली, आई मात्र हयात आहे. तो घराकडे निघाला. वाटेत खबर मिळाली की प्लेगच्या साथीत आईही गेली. 1349 साली तंजाला पोहोचलेल्या या माणसाने आईच्या कबरीची जियारत केली.

हे वाचताना आम्हाला आपला कोकण आठवतो, कारण समुद्र तोच आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांत कितीतरी घरांतले पुरुष जहाजावर होते, पुढे आखातात गेले. पैसा आला, घरे पक्की झाली, मुले शिकली. पण लेकरू बापाला ओळखेना, वालिदाच्या जनाजाला मुलगा पोहोचला नाही, असे प्रसंगही त्याच घरांत आहेत. पत्र यायचे, नंतर आवाज भरलेली कॅसेट यायची आणि सगळे घर ती ऐकायला गोळा व्हायचे. मागे राहिलेल्या बाईने शेत, बँक, सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, सगळे एकटीने निभावले. तिचीही ती सफरच होती. तिला कसर नव्हती आणि परतीची तारीखही नव्हती.

इब्न बतूताचा सफरनामा तरी कसा झाला? मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याने हुकूम केला, इब्न बतूताने आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय या विद्वानाने त्या 1355 साली लिहून पुऱ्या केल्या. कुणी विचारले आणि कुणी लिहिले, म्हणून ते टिकले.

आपल्या घरांत हुकूम करायला सुलतान येणार नाही. नातवंडांनीच विचारायला हवे. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे 1995 साली बंद झाली. त्या जहाजांनी गेलेले दादा-दादी, नाना-नानी आता फार थोडे उरले आहेत. जहाजावर भात कोण शिजवत असे, एहराम कुठे बांधला, उलट्यांवर काय औषध होते, परत येताना बॅगेत काय आणले, हे त्यांना विचारावे. आखातातून आलेल्या चाचांना पहिली रात्र कुठे काढली ते विचारावे. आणि चाचींना विचारावे की पहिली मनीऑर्डर आली तेव्हा तिचे काय केले, पत्र कोण वाचून दाखवायचे, आणि पत्र न आलेले महिने कसे काढले. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, दोनशे पानी वही पुरे. येत्या सुटीत गावी जाल, तेव्हा सामानात तेवढी एक वही टाका.