शरदात श्रवणबेळगोळकडे

कार्तिकी अष्टाह्निका संपली, पौर्णिमेचा अभिषेक झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सांगलीच्या एका जुन्या गल्लीतून पांढरी मोटार बाहेर पडली. सुकाणूवर अण्णा, वय सदुसष्ट. शेजारी माई, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मागच्या आसनावर दोन बॅगा, पाण्याची कळशी, गाळण्याचे फडके, दिवाळीतल्या शंकरपाळ्यांचा उरलेला डबा आणि आदल्याच दिवशी दळून आणलेल्या पिठाची पिशवी. शीतकाळात पिठाची मर्यादा सात दिवसांची; माईंनी प्रवासाचे दिवस त्याच हिशेबाने आखले होते. मुलाने गाडीला चालक द्यायचा आग्रह धरला होता. ‘रात्री गाडी चालवायची नाही’ एवढ्या अटीवर तो आग्रह सुटला. ती अट पाळणे अवघड नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणजे पाचच्या सुमारास मुक्काम गाठणे आलेच.

मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी अण्णांनी चव्वेचाळीस वर्षे सांभाळली. यंदा दिवाळीत वहीपूजनाला नव्या वहीची पहिली ओळ त्यांनी मुलाकडून लिहवून घेतली आणि तिजोरीची किल्लीही त्याच्या हाती दिली. पेढे वाटले गेले, हमालांना कपडे दिले गेले, जुन्या दिवाणजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अण्णा नेहमीप्रमाणे टोपी घालून पेढीवर हजर! मुलाने उठून गादी रिकामी केली. अण्णा बसले, आणि मग कोणी कोठे बसावे हे त्या दिवशी पेढीवर कोणालाच कळेना. चार दिवस असे गेल्यावर ते घरी थांबू लागले. घरी थांबले म्हणजे स्वयंपाकघरात येऊन तेलाचा डबा किती दिवस पुरला ते विचारू लागले, भाजीवाल्याशी वांग्यांचा सौदा करू लागले, नातवाच्या दप्तराचे वजन करू लागले. सून बोलत काही नव्हती. भांडी मात्र जरा मोठ्याने वाजू लागली होती.

माईंची निवृत्ती पंधरा वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. एका साध्या सोमवारी त्यांनी कोठीघराची किल्ली सुनेच्या कमरेला अडकवली आणि त्या मंदिरात निघून गेल्या. तेव्हा पेढे कोणी वाटले नव्हते. व्यापारी घरांत अशा निवृत्तीची नोंद कोठल्याच वहीत होत नाही.

या प्रवासाची कल्पना माईंचीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा गल्लीतून दोन बसगाड्या श्रवणबेळगोळला गेल्या होत्या. माई गेल्या, अण्णा राहिले. फेब्रुवारी म्हणजे नव्या हळदीची आवक, यार्डात पाय ठेवायला जागा नसायची. बारा वर्षांचा तो योग पुन्हा २०३० मध्ये येईल; पण दर्शनाला योग कशाला हवा, असे माईंचे म्हणणे पडले.

शरदाचे हे शेवटचे दिवस रस्त्याने जाणाऱ्याला फार सुखाचे असतात. सांगलीभोवतीच्या शेतांत हळदीची पाने अजून हिरवी, रुंद, कमरेच्या वर आलेली. ती पिवळी पडून जमिनीला टेकेपर्यंत यार्डाला नव्या मालाची वाट पाहावी लागते. उसाचे गाळप मात्र सुरू झाले होते. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला, मागे दिवा नाही की तांबडे फडके नाही. निपाणीपर्यंत अण्णांनी गाडी जपून हाकली आणि कारखानदारीवर मनसोक्त टीका केली.

निपाणीच्या पुढे महामार्गालगतच स्तवनिधी. दक्षिण भारत जैन सभेचा जन्म १८९९ मध्ये याच क्षेत्री झाला. या सभेने पुढे गावोगावी बोर्डिंगे काढली. अण्णांचे वडील खेड्यातून येऊन अशाच एका बोर्डिंगात शिकले आणि मग हळदीच्या पेढीवर उमेदवारीला लागले. पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन अण्णा पायरीवर बसले, खिशातून फोन काढला आणि मुलाला विचारले, “सौदे किती वाजता निघाले? भाव काय?” हा पहिला फोन. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत दुसरा. १२०४ सालच्या त्या बस्तीच्या छतात दगडाचे कमळ उमलले आहे, पाकळीखाली पाकळी. माई मान वर करून ते पाहत होत्या आणि अण्णा बाहेरच्या झाडाखाली उभे राहून हातवारे करीत होते.

दुसऱ्या दिवशी बेळगाव ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेने एक मुनिसंघ जाताना दिसला. चातुर्मास संपवून विहाराला निघालेले. पुढे-मागे पाच-सात श्रावक, एकाच्या हातात तांबडे निशाण. मालमोटारींच्या वाऱ्याने पिंछीची पिसे हलत होती. अण्णांनी गाडी पुरेशा अंतरावर बाजूला घेतली. दोघे अनवाणी उतरले आणि ‘नमोऽस्तु’ म्हणून वाकले. महाराजांनी हात वर केला, पण पावले थांबली नाहीत. पुढच्या गावी आहाराची व्यवस्था झाली आहे का, हे अण्णांनी संघासोबतच्या श्रावकाला विचारले. झाली होती. गाडीने पुढच्या तासाभरात धारवाड मागे टाकले. त्या पावलांना तेवढ्या वाटेला कितीतरी दिवस लागणार होते. बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही, आणि धारवाडचा फोनही राहून गेला.

ब्याडगीचा फाटा मात्र अण्णांना टाळता आला नाही. हळदीच्या व्यापाऱ्याने मिरचीच्या पेठेवरून तसेच पुढे जाणे म्हणजे सोयऱ्याच्या दारावरून न बोलता जाणे. येथली मिरची सुरकुतलेली, गडद लाल. तिखट कमी आणि रंग भरपूर. नव्या मालाची खरी आवक पुढे हिवाळ्यात, म्हणून पेठ निवांत होती. अण्णांनी एका अनोळखी अडत्याच्या ओट्यावर बसून अर्धा तास गप्पा केल्या. अडत्याला मराठी येत नव्हते आणि अण्णांचे कानडी बाजारापुरते. माईंचे माहेर चिकोडीकडचे. हुबळीच्या पुढे त्यांचे कानडी मोकळे झाले होते आणि त्यांनीच दोन्ही बाजूंचा दुभाषा होऊन तो संवाद चालवला.

दावणगेरेला मुक्काम. पावणेपाचला गाव गाठले. येथला लोण्याचा डोसा प्रसिद्ध. सोबत येणारी बटाट्याची भाजी आणि कांदा घातलेली चटणी वगळून तो मागावा लागतो. माईंनी स्वयंपाक्यापर्यंत जाऊन तवा पुसून घ्यायला सांगितले, आणि त्यानेही आनंदाने तसे केले. उजेड असताना जेवण झाले. हात धुऊन अण्णांनी सांगलीला फोन लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

शीतगृहात ठेवलेल्या राजापुरी हळदीतली निम्मी पोती मुलाने त्या दिवशी विकून टाकली होती. संक्रांतीपूर्वी जुना साठा हलवायचा नाही, हा अण्णांचा नेम. त्यांच्या वडिलांचाही तोच होता, आणि वडिलांच्या काळी माल हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात असे. मुलाची बाजूही खोटी नव्हती. शीतगृहाचे भाडे चालू होते, बँकेचे व्याज चढत होते, आणि गिऱ्हाईक रोख द्यायला तयार होते. तो म्हणाला, “अण्णा, विचारणार होतो, पण तुम्ही दर्शनाला निघालेले.” अण्णांनी पुढे काही ऐकले नाही. रात्री ते तीनदा उठले. सकाळी सामायिक झाल्यावर म्हणाले, “परत फिरू या. पौर्णिमा काय, पुढच्या वर्षीही येईल.”

माई केसांना तेल लावीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, सुनेने पहिल्या वर्षी पुरणात गुळाच्या जागी साखर घातली होती, आठवतं? मी पाटावरून उठून गेले होते. तुम्हीच दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात, आणि वर मला सांगायला आलात की छान झाल्यात.”

“ती पोळी होती. ही पेढी आहे.”

“माझं स्वयंपाकघर तेवढंच होतं हो,” माई म्हणाल्या आणि पिशव्या उचलू लागल्या.

अण्णांनी गाडी काढली. दावणगेरेच्या बाहेर महामार्गावर दोन दिशांच्या पाट्या आहेत. गाडी दक्षिणेला वळली. बोलणे मात्र चित्रदुर्गापर्यंत बंदच राहिले. बाहेर पाहण्यासारखे पुष्कळ होते. सेवारस्त्यावर मैलच्या मैल मक्याचे दाणे वाळत घातलेले, टेकड्यांवर पवनचक्क्या सावकाश फिरत असलेल्या. हिरियूरजवळ महामार्ग सोडला की मुलूख बदलतो. नाचणीची कणसे तांबूस झालेली, आणि हुळियारच्या पुढे दोन्ही बाजूंना नारळीच नारळी.

तिपटूर ही खोबऱ्याची मोठी पेठ. तेथल्या गोटा खोबऱ्याची रीत ऐकून अण्णांचे तोंड उघडले. शेतकरी नारळ उतरवल्यावर लगेच फोडत नाही. सोडणासकट तो माळ्यावर रचून ठेवतो आणि कित्येक महिने हात लावत नाही. आतले पाणी आपोआप आटते, खोबरे करवंटीपासून सुटते आणि हलवले की आत खुळखुळते. मगच तो फुटतो. “मध्येच फोडून बघितला तर?” अण्णांनी विचारले. माईंनी प्रश्न कानडीत केला. दुकानदार म्हातारा हसला. “बघता येतो,” माईंनी त्याचे उत्तर सांगितले, “पण मग तो गोटा होत नाही.” अण्णांनी घरासाठी पाच किलो खोबरे घेतले आणि घासाघीस केली नाही. माईंनी ते लक्षात ठेवले.

तिसऱ्या प्रहरी चन्नरायपट्टणच्या पुढे दोन टेकड्यांमधले ते गाव दिसू लागले. धर्मशाळेत सामान टाकून, स्नान करून दोघे विंध्यगिरीच्या पायथ्याशी आले. खडकातच कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या, अनवाणी चढायच्या. दिवसभर तापलेला दगड आता कोमट झाला होता. डोलीवाले पुढे आले. माईंचे गुडघे दुखरे, म्हणून अण्णांनी एक डोली ठरवली. पण माई तीत बसल्या नाहीत. दर वीस पायऱ्यांना थांबत, कठड्याची नळी धरत त्या चढू लागल्या. अण्णांना दम लागत होता. फोन तेवढा गाडीतच राहिला होता. विसरला की ठेवला, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

वाटेत त्यागद ब्रह्मदेव स्तंभ लागतो. नाजूक वेलबुट्टीचा हा खांब. येथे बसून चावुंडरायाने दाने दिली असे सांगतात. कानडीत त्यागाचा एक अर्थ दानच आहे. त्याच्याही पुढे, माथ्यावर, प्राकाराच्या आत पाऊल टाकले की प्रथम पाय दिसतात, मग मांड्यांवरून चढत गेलेल्या वेली, आणि मान मागे टाकत टाकत शेवटी तो मुखमंडलावरचा शांत भाव. सत्तावन्न फुटांची ही अखंड पाषाणमूर्ती गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस करविली. पायांशी कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलेल्या ओळी आहेत. सांगलीहून सहाशे किलोमीटर दूर आपली भाषा एवढ्या जुन्या दगडावर वाचताना अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

बाहुबलींची कथा जैन घरात कोणाला सांगावी लागत नाही. तिन्ही युद्धे जिंकून त्यांनी राज्य सोडले, वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वारुळे वाढली, तरी केवलज्ञान होईना. आपण उभे आहोत ती भूमी भरताची आहे, एवढा एक सल आत उरला होता. अण्णांनी ही कथा लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. त्या संध्याकाळी मूर्तीच्या पावलांखालच्या दगडाकडे ते फार वेळ पाहत राहिले.

माई बाहेर, समोरच्या गुळ्ळकायज्जीपाशी उभ्या होत्या. चावुंडरायाने घागरींवर घागरी दूध ओतले तरी अभिषेक कमरेखाली उतरेना; मग या म्हातारीने एका फळाच्या करवंटीतले चमचाभर दूध वाहिले आणि ते पायांपर्यंत पोचले, अशी कथा. तिची मूर्ती ठेंगणी, हातात ते फळ. माईंनी तिच्या पायांवर अक्षता वाहिल्या.

उतरताना ऊन पिवळे झाले होते. खाली कल्याणी सरोवर, पलीकडे चंद्रगिरी. भोजनालयाची वेळ टळू नये म्हणून पावले जरा भरभर पडत होती. गाडीपाशी येऊन अण्णांनी फोन पाहिला. सांगलीहून एकही फोन आलेला नव्हता. त्यांनीच लावला. मुलगा घाईने सांगू लागला, “अण्णा, ती उरलेली पोती ठेवलीत मी, संक्रांतीपर्यंत…” अण्णा म्हणाले, “ते राहू दे आता. दिवस मावळतोय, आम्ही पानावर बसतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चंद्रगिरीच्या पायथ्याशी फोन पुन्हा खिशात आला, आणि सौदे निघण्याच्या सुमारास हात आपोआप तिकडे गेला. दोघे तेव्हा चंद्रगुप्त बस्तीतल्या दगडी जाळ्यांपुढे उभे होते. मुलाच्या हाती साम्राज्य देऊन भद्रबाहूंच्या मागे येथवर चालत आलेल्या सम्राटाची कथा त्या जाळ्यांवर कोरलेली आहे. याच टेकडीवर त्याने सल्लेखना घेतली, अशी परंपरा. माईंनी अण्णांच्या हाताकडे पाहिले.

“अहो, चंद्रगुप्ताने इथून पाटलीपुत्राचा भाव किती वेळा विचारला असेल?”

अण्णांना इतके हसू आले की पुजारी वळून पाहू लागला. गाडी हासनच्या रस्त्याला लागली, पुढे मूडबिद्रीला जायचे होते. फोन हासनपर्यंत खिशातच राहिला.