‘वैयक्तिक कारण’

राजीनाम्यातले ‘वैयक्तिक कारण’ हे शब्द वाचले की मला आता शंका येते. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या कार्मिटा वुड यांनी वरिष्ठाच्या लगटीला कंटाळून नोकरी सोडली. बेकारी भत्ता मागताना कारण विचारले गेले, तेव्हा त्यांना एवढेच सुचले. भत्ता नाकारला गेला. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बायकांनी मग या त्रासाला ‘सेक्शुअल हॅरासमेंट’ असे नाव दिले. जपानी लोकांनी त्याचे ‘सेकुहारा’ केले. १९९२ मध्ये फुकुओकाच्या न्यायालयाने एका संपादिकेच्या चारित्र्याबद्दल वावड्या उठवणाऱ्या वरिष्ठाला दोषी ठरवले. अंगाला हात न लावताही छळ होतो, हे मान्य झाले.

त्याच वर्षी राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण या घटनेतूनच १९९७चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३चा कायदा आला. पाकिस्तानात असा कायदा २०१० मध्ये झाला.

माझ्या भाचीने महिन्यापूर्वी नोकरी सोडली, तीही ‘वैयक्तिक कारणास्तव’. साहेब फाइल देताना हात धरून ठेवी. "खाला, याला अर्जात काय म्हणू?" तिने विचारले. मी म्हटले, "लैंगिक छळ म्हण, बेटा." आपा घाबरली. "स्थळं येताहेत, गप्प बसा," म्हणाली. आपाची भीती खोटी नाही. मोहल्ला आधी मुलीलाच नावे ठेवतो.

पण मुलीला घरी बसवले तर शिक्षा कुणाला झाली? सूरे नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. आपण मात्र तो मुलींनाच ऐकवतो.

कायद्यात वाट आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागी किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिचे दार उघडे आहे. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. त्या कचेरीत मुलीबरोबर बाप किंवा भाऊ गेला, तर मोहल्ल्याची निम्मी तोंडे तिथेच बंद होतील.