गिऱ्हाइकाच्या वतीने

मोबाइलच्या दुकानात फोन विकणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तो चालू करून देण्याचं. सील फोडायचं, सिम घालायचं, भाषा निवडायची, मग 'नेक्स्ट', 'ॲक्सेप्ट', पुन्हा 'नेक्स्ट'. कराडच्या आमच्या दुकानात हे मी वर्षानुवर्षं स्वतः करतो. गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून भराभर करतो, आणि त्या घाईतच चुकत गेलो.

एका निवृत्त शिक्षिकेने नवा फोन घेताना विचारलं होतं, "यातली मला नको असलेली ॲप काढून द्याल का?"

"नाही निघत, बाई. छेडछाड केली तर फोन बिघडतो," मी म्हणालो.

बरीचशी निघत नाहीत, हे खरं होतं. फोन बिघडतो, हे मी ठोकून दिलं. सेटिंगमध्ये जाऊन त्यातली कितीतरी बंद करून ठेवता येतात, हे मला ठाऊक होतं. पण मागे माणसं उभी होती. सगळ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये हीच ॲप का, असंही बाईंनी विचारलं. "लोकांना हीच लागतात," म्हणून मी मोकळा झालो.

खरं कारण मला भारतीय स्पर्धा आयोगाच्या निकालाच्या बातम्यांतून कळलं. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं, तर सर्च, क्रोम, यूट्यूब असा अख्खा संच घ्यावा लागे. अँड्रॉइडमध्ये फेरफार करून वेगळ्या धाटणीचे फोन काढायलाही मनाई होती. प्ले स्टोअर नसलेला फोन माझ्याकडून कोण घेणार? काचेच्या कपाटात अनेक कंपन्यांचे फोन मांडलेले असले, तरी आत दुकान एकाचंच होतं, आणि ते लोकांच्या पसंतीने नव्हे, करारांनी थाटलेलं होतं.

यापुढचं मात्र मला जास्त लागतं. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या आदेशाला स्थगिती नाकारली आणि आठवडाभरात गूगलने भारतासाठी बदल जाहीर केले. नवा फोन सुरू करताना कोणतं सर्च इंजिन हवं, हे विचारणारं पान येणार, हा त्यातला एक. अँड्रॉइड वापरणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारीवरून २०१९ मध्ये चौकशी लागली होती. एवढ्या वर्षांनी हे पान पदरात पडलं. ते माझ्यासमोर आलं तेव्हा मी वाचलंसुद्धा नाही. सवयीने गूगलवर अंगठा टेकवला आणि पुढे गेलो. ज्याचा फोन, तो समोरच बसला होता. नंतर कित्येकांच्या फोनवर मी हेच केलं.

मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आधीपासून भरलेली ॲप काढून टाकता यावीत, हा आदेश रद्द केला. माझ्या मते सामान्य माणसाच्या कामाचा तोच होता. आता निदान ती बंद कशी करायची, हे मी न विचारता दाखवतो. सर्चचं पान आलं की फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो. बहुतेक जण गूगलच घेतात, घेऊ देत. काही जण विचारतात, "बाकीची कशी आहेत?" मला सांगता येत नव्हतं, म्हणून सध्या माझ्या फोनवर एकेक वापरून बघतो आहे.