दोन खांब आणि घरचा कोबा

सर्व्हिस सेंटर बंद पडलं की आधी संगणक विकले जातात, मग खुर्च्या, मग कॉम्प्रेसर. गाडी उचलायची लिफ्ट शेवटपर्यंत उभी राहते, कारण ती उपटून न्यायचा व्याप कुणालाच नको असतो. म्हणून दोन खांबी जुनी लिफ्ट नव्याच्या तिसऱ्या हिश्शात पदरात पडते. राहिलेले पैसे वाचतात असं मात्र नाही. ते जमिनीत, छताखाली आणि विजेच्या बोर्डात जातात.

*

बघायला जाताना बरोबर न्यायचं: बॅटरी, तारेचा ब्रश, सुती फडकं, टेप.

फडकं वायर रोपसाठी. रोपवरून ते ओढत न्यायचं. एखादी तार तुटली असेल तर तिथे धागा अडकतो. उघड्या हाताने हा प्रयोग करू नये. साखळी टेपने मोजायची. नव्या साखळीच्या मापापेक्षा शंभराला तीन इतकी ताणली गेली असेल, तर ती भंगारात. सिलिंडरच्या दांड्यावर गंजाचे खड्डे दिसले तर नवं सील घालून उपयोग नाही, खड्डे तेही कापतात.

ब्रश खांबाच्या पायासाठी. वॉशिंगच्या जागेशेजारी उभी असलेली लिफ्ट खालून सडते. बेसप्लेट आणि खांब मिळतात तिथला वेल्ड घासून उघडा करावा. मालकाने नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच घासावा.

*

मोटारीच्या हायड्रॉलिक लिफ्टची कल्पना अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पीटर लुनाटी याची, १९२०च्या दशकातली. न्हाव्याच्या दुकानातली वरखाली होणारी खुर्ची बघून त्याला ती सुचली असं सांगतात. त्याची लिफ्ट म्हणजे जमिनीत पुरलेला एकच जाड दट्ट्या, वर गाडी, आणि ती गोल फिरायचीही. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल पंपांवर धुण्या-ग्रीसिंगसाठी असायचा तो एकखांबी रॅम्प त्याच घराण्यातला. घरी मात्र तो नको. खड्डा खणा, त्यात पाणी साठणार, आणि आमच्या कोल्हापूरच्या पावसात ते उपसत बसा.

*

उंचीचा हिशेब. आमच्या पोर्चच्या स्लॅबची खालची बाजू जमिनीपासून साडेदहा फूट. माझी प्रीमियर पद्मिनी पाच फुटांना थोडी कमी. वर अर्धा फूट मोकळा सोडला तर चाकं पाच फुटांपर्यंत उचलता येतात. खाली उभं राहून गिअरबॉक्स उतरवायला माझ्या उंचीला पुरे. पण बीम विसरू नये. तो स्लॅबच्या खाली फूटभर लोंबतो, आणि गाडी वर जाते नेमकी त्याच्याच पोटाशी.

दोन खांबी लिफ्ट दोन तऱ्हेची. एकीत रोप आणि पाइप वरच्या आडव्या कमानीतून जातात. जमीन मोकळी, पण उंची बारा फुटांच्या घरात. दुसरीत ते जमिनीवरच्या पत्र्याच्या पट्टीखालून जातात. दीड-दोन इंचांचा उंबरा होतो, खांब मात्र साडेनऊ फुटांच्या आत. घराला दुसरी. पहिली कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

फॅब्रिकेशनवाल्याचं मत वेगळं. “वरनं दोन फूट कापूया की! त्यात काय एवढं वो? अर्ध्या दिवसाचं काम.” कापता येईल, वेल्डिंगही चांगलं होईल. पण सिलिंडरचा स्ट्रोक, रोपची लांबी, लॉकच्या खाचा, वरचा थांबा हे सगळं त्या उंचीला बांधलेलं असतं. ज्याने हिशेब केला त्याला विचारल्याशिवाय खांबाला गॅस कटर लावू नये. भोकही पाडू नये.

*

घरातल्यांचा एकच प्रश्न: गाडी वर असताना स्कूटर कुठे लावायची?

*

आता जमीन. आपल्या पोर्चखाली काय असतं? मुरूम, त्यावर दगडी सोलिंग, त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे बिनगजाचं काँक्रीट, वर कोबा नाहीतर फरशी. गाडी उभी करायला हे भरपूर झालं. लिफ्टला नाही, कारण लिफ्ट जमिनीला नुसती दाबत नाही, ती जमिनीला उपटते. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे एका खांबाला साडेचारशे, तेही खांबापासून जवळपास तीन फुटांवर, लिफ्टच्या आडव्या हातांच्या टोकाशी. खांब आत, गाडीकडे कलू बघतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर खेचले जातात. ही ओढ काँक्रीटने धरून ठेवायची असते. पातळ पीसीसीतून बोल्ट थाळीएवढा टवका घेऊन बाहेर येईल.

लिफ्टच्या पुस्तकात सहसा चार इंच जाडीचं, ३००० पीएसआयचं काँक्रीट मागितलेलं असतं. आपल्या भाषेत एम-२० च्या वर, म्हणून एम-२५ घ्यावं. पुस्तकवाल्याची चार इंच म्हणजे मोजून मापून ओतलेली. आपली चार इंच म्हणजे कुठे अडीच, कुठे पाच. जुनं फोडून, फूटभर खोल, दोन्ही खांबांखालून सलग एकच राफ्ट, खालीवर गजांची जाळी, हा मार्ग मला पटला. गवंड्याला तो अति वाटला. “हत्ती बांधणार हाय काय, दादा?”

जाळी बांधताना एक काम करून घेतलं. बेसप्लेटच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा, त्यात बोल्टच्या जागी भोकं, आणि तो जाळीवर ठेवून ज्या ज्या भोकात गज दिसला तो गज बाजूला सरकवला. नाहीतर महिन्याभराने हॅमर ड्रिल नेमकं गजावर जाऊन किंचाळत बसतं आणि भोक वाकडं होतं.

मग २८ दिवस ओली पोती आणि पाणी. या काळात लिफ्ट अंगणात ताडपत्रीखाली, आणि येणारा-जाणारा विचारतो.

अँकर बोल्ट नवेच. जुन्या जागेतून काढलेले, वेजचे ओरखडे पडलेले बोल्ट विकणारा फुकट देतो. ते कुंपणाला वापरावेत. खांब उभा करून ओळंबा सोडायचा, फट असेल तिथे यू आकाराच्या लोखंडी पट्ट्या सरकवायच्या. लाकडाची पाचर नाही.

*

वीज. लिफ्टच्या मोटरच्या पाटीवर २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, थ्री फेज. घरात सिंगल फेज. महावितरणकडून थ्री फेज घेता येतं, पण महिन्यातून चार वेळा गाडी उचलण्यासाठी दर बिलात वाढीव स्थिर आकार कोण भरणार?

कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगलवर फिरवायचा देशी उपाय इथे कामाचा नाही. मोटर फिरते, पण उठतानाचा जोर जातो. आणि अर्ध्यावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना पंपाला पहिल्याच फेऱ्यात पूर्ण दाब लागतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, बरा. मात्र सिंगल फेजवरचा व्हीएफडी २३० व्होल्टच बाहेर देतो, म्हणून स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात बदलावी लागते. टर्मिनल बॉक्स उघडून बघावं: सहा तारा असतील तर पत्र्या फिरवल्या की झालं. आमच्या मोटरमध्ये तीनच निघाल्या, स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये. रिवाइंडिंगवाल्या मामांनी ती शोधून सोडवली, सहा तारा बाहेर काढल्या, आणि वर बजावलं, “आता हिला ४१५ वर लावशील तर जळंल बघ.” पेनाने मोटारीवरच लिहून ठेवलंय.

हा व्हीएफडी वीस अँपिअरच्या वर ओढतो. गिझरच्या प्लगवर नाही; मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी.

*

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं सांभाळते. लिफ्टचे हात कडेच्या पट्टीखाली लागतात, आणि जुन्या पद्मिनीत पहिल्यांदा सडते ती हीच पट्टी. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावी. आत गेला तर लिफ्ट राहू दे, आधी पत्र्याचं काम. इंजिन उतरवलं की वजन एकदम मागे जातं. मागच्या बाजूला उंच स्टँड लावूनच बोल्ट सोडायचे.

हातांचे दातेरी लॉक जुन्या लिफ्टला बहुधा नसतातच. गॅरेजमधल्या पोरांना ते अडचणीचे वाटतात, ती काढून टाकतात. लेथवर करून घेण्याआधी मूळ बनवणाऱ्याकडे मिळतात का ते बघावं. उशीर झाला तरी चालेल.

*

तेलावर विश्वास ठेवून गाडीखाली जायचं नाही. वर नेली, दोन्ही खांबांत टक् असा आवाज आला, की लिव्हर दाबून थोडी खाली घ्यायची, म्हणजे वजन लॉकवर बसतं. एकाच बाजूने आवाज आला तर पुन्हा वर.

*

पहिली चाचणी. चाकं वीतभर उचलली, बंपरला धरून हलवलं. मग पूर्ण वर, लॉकवर, रात्रभर. सकाळी खाली घेऊन टॉर्क पान्याने सगळे बोल्ट तपासले. डाव्या खांबाचे बाहेरचे दोन थोडे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. पुढची तपासणी पंधरवड्याने, मग पावसाळ्यानंतर. उजव्या सिलिंडरखाली तेलाचा एक थेंब आहे; पॅकिंगचं माप घेऊन उद्या दुकानात.